दादाच्या गळ्यातला फोन

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि या विषयावर तर कुणी कधी तोंडच उघडलं नाही. धाकट्या भावानं मोठ्याच्या अशा गोष्टी लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी तेवढं पोटात घालावं. दादाला विचारलंय. नाव नको टाकू, बाकी लिही, म्हणाला.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. दादा हायवेजवळच्या एका कंपनीत कामाला आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आई वहिनीला शहापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जायची. वहिनीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी औषधं तिलाच, उपास तिलाच, आणि कुणाच्या ओटीभरणाला मागं बसणंही तिलाच. डॉक्टरीणबाई दर वेळी सांगायच्या, नवऱ्याला घेऊन या. ते वाक्य आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. शेवटी, भात झोडून झालं की वहिनीच्या भावानं येऊन तिला काही दिवस माहेरी न्यावं, असं आईनं ठरवलं. काही दिवस म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना समजलं होतं. दादा रोजच्यासारखा कंपनीत जात राहिला.

त्याच सुमारास कंपनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. पॅंटच्या खिशात मोबाइल ठेवला की पुरुषाची ताकद जाते, मूल होत नाही, असं त्यात होतं. दादानं तो पुन्हापुन्हा पाहिला असावा. कारण दुसऱ्याच दिवशी त्यानं वहिनीकडून जुन्या साडीच्या काठाची एक पिशवी शिवून घेतली आणि फोन त्यात घालून गळ्यात अडकवला.

नाक्यावरच्या पोरांना तेवढंच पुरलं. एक जण म्हणाला, "काय रे, पोर नाय म्हणून फोनलाच झोळी बांधलीस?"

दादाही सगळ्यांबरोबर हसला. पिशवी मात्र काढली नाही.

मी मुरबाडच्या कॉलेजात सायन्सला आहे. सुट्टीत घरी आलो तेव्हा दादानं मला खळ्यावर बोलावलं. बराच वेळ पेंढा सारखा करत राहिला, मग विचारलं, "तू सायन्सवाला. फोननं होतं का रे असं?"

मी वाचलं होतं. यावर अजून अभ्यास चालू आहेत. कुणी परिणाम होतो म्हणतं, कुणी नाही म्हणतं, छातीठोक कुणीच सांगत नाही. तेच सांगायला मी तोंड उघडलं, आणि थांबलो. खोट आपल्यात असू शकते, हे इतक्या वर्षांत दादा पहिल्यांदाच बोलत होता. फोनच्या आडून का होईना, बोलत होता. तो आडोसा मी काढून घेतला असता तर तो पुन्हा गप्प झाला असता. मी थांबलो ते बरोबर केलं, असं मला आजही वाटतं.

मी म्हणालो, "फोननं बिघडलंय का, ते तपासल्याशिवाय कसं कळणार? वीर्याची तपासणी असते, दादा. साधी असते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "शहापुरात नको. निम्मी कंपनी भेटंल तिथं. मुरबाडला बघ."

लॅबमधल्या माणसाला दादानं आधीच बजावलं, की फोनचा किती परिणाम झालाय तेवढंच बघायचंय. त्या माणसानं मान वर न करता एक डबी पुढं केली. "फोन भावाकडं द्या. तुम्ही आत जा."

मी बाकावर बसलो, ती पिशवी गळ्यात घालून.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. दादा वहिनीलाही सोबत घेऊन आला, आपणहून. प्रॅक्टिकल संपल्यावर मी फोन लावत राहिलो. लागेना. ते एसटीत असणार, आणि त्या रस्त्याला मधे कुठंच रेंज नसते. दिवेलागणीला दादाच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होती वहिनी.

"भावजी, फोनचं काय नाय. शिरा सुजल्यात म्हणाले डॉक्टर. छोटं ऑपरेशन करू, मग बघू म्हणाले."

अंडकोशाच्या शिरा, हे मी समजलो. दिराला ती तेवढंच सांगू शकत होती. मी विचारलं, आईला कळलं का?

"यांनीच सांगितलं, दारातच. म्हणाले, खोट माझ्यात हाय, हिला कुठं धाडायची नाय."

"मग आई?"

"आधी चहा टाकला. मग यांच्या गळ्यातला फोन मागून घेतला, माझ्या हातात दिला, नि म्हणाल्या, तुझ्या भावाला लाव. येऊ नको म्हणावं."