लूमच्या पट्ट्याचे सात तुकडे

ती सकाळ मनातून काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण ती जात नाही. नोकरीचे शेवटचे वर्ष होते. भिवंडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

वडप्याजवळ घरोघर पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीचे गोदाम होते. तिथल्या मोटारसायकलवाल्यांनी संप पुकारला होता. त्यांच्यातला एक जण पार्सल घेऊन जाताना ट्रेलरला धडकला आणि त्याचा पाय कायमचा गेला. तो रुग्णालयात असतानाच गैरहजर म्हणून कंपनीने त्याची आयडी बंद केली. आयडी बंद म्हणजे मोबाइलवर काम येणे बंद. अपघात झालेल्या माणसाची आयडी बंद करू नका, एवढीच संपकऱ्यांची मागणी होती.

मी कंपनीच्या मॅनेजरला भेटलो. तिशीतला, अत्यंत नम्र माणूस. चर्चेला बसा म्हणालो, तर तो म्हणाला, "साहेब, चर्चा कोणाशी करू? कागदावर ही माणसं आमची कामगारच नाहीत."

त्याने आपली तयारी केलेली होती. शहराकडची पार्सले दुसऱ्या गोदामाला वळवली होती. अंबाडी, दिघाशीकडच्या पाड्यांवरून ठेकेदारामार्फत नवी माणसे आणली होती. संपातल्या काहींना जवळचे रूट देतो असे निरोप गेले होते. "चार दिवस बंदोबस्त द्या," तो म्हणाला, "पाचव्या दिवशी संप राहणार नाही."

सकाळी सहाला नवी माणसे पाठीवर पिशव्या घेऊन मोटारसायकलींवरून गेटबाहेर पडली, त्यांच्यात पार्सलचे टेम्पोही होते. दगडफेकीची शक्यता धरून मी त्यांना बजावले होते, "लाइनीत चला. मध्ये अंतर सोडू नका." सर्व्हिस रोडच्या वळणावर तिसऱ्या मोटारसायकलचे पुढचे टायर फुटले. चालवणारा खाली पडला. मागचा पार्सलचा टेम्पो इतका जवळ होता की त्याला थांबता आले नाही.

पंचनाम्यात रस्त्यावर सात तुकडे मिळाले. जाड, चपट्या पट्ट्याचे वीतभर तुकडे, आणि प्रत्येकातून आरपार ठोकलेले चार-चार खिळे. जखमी माणूस दिघाशीकडच्या एका आदिवासी पाड्यावरचा शेतमजूर होता, कामावर लागून त्याला दोनच दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी तो रुग्णालयात वारला आणि आम्ही सदोष मनुष्यवधाचे कलम वाढवले. अपघाताच्या दिवशीही दहा वाजेपर्यंत सगळी पार्सले गोदामातून गेली होती, हे मला नंतर मॅनेजरनेच सांगितले. त्यात त्याला काही वावगे वाटले नाही.

कंपनीच्या सुरक्षारक्षकाने खबर दिली की संपाचा पुढारी पहाटे वळणावर दिसला होता. हा पुढारी जवळच्याच गावातला. बापाची जमीन गोदामाखाली गेलेली आणि मुलगा त्याच गोदामातून पार्सले नेणारा. त्याला ताब्यात घेतले. मी प्रश्न विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच टाकले. लिहून घ्या."

इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली होती. खरा गुन्हेगार कबूल होण्याआधी पोलिसांना काय माहीत आहे ते चाचपून बघतो. हा काहीच चाचपत नव्हता.

"किती तुकडे टाकले?" मी विचारले.

"चार."

"पट्टा कुठून आणला?"

"पडला होता कुठेतरी."

वरिष्ठांचा फोन आला. कबुली आहे, पुढारी आहे, मग आता काय अडले आहे? पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, एवढेच मी बोललो. मग हवालदाराला मोचीकडून तसाच जाड पट्टा, खिळे आणि हातोडी आणायला सांगितले आणि पुढाऱ्यापुढे ठेवले. "एक बनवून दाखव." पहिलाच खिळा वाकला. दुसऱ्याला त्याने स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारली.

हवालदाराचे वडील जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. मुद्देमालातला तुकडा हातात फिरवून तो म्हणाला, "साहेब, हा जुन्या लूमचा पट्टा आहे. आणि हे ठोकणारा लूमचा फिटर असणार. एकही खिळा तिरका नाही."

पाय गेलेल्या कामगाराचा बाप लूमचा फिटर होता.

आम्ही शहरातल्या त्याच्या खोलीवर गेलो. म्हातारा मुलाच्या निकामी पायाला तेल चोळत होता. हवालदाराच्या हातातला तुकडा पाहून त्याने तेलाचे हात पुसले आणि विचारले, "सात होते. सगळे मिळाले ना? एखादा रोडवर राहिला तर अजून कोण तरी पडेल."

"कशासाठी केलंत चाचा?"

"टायर पंक्चर होतील, काम बंद पडेल, मग मॅनेजर बोलायला बाहेर येईल. एवढंच डोक्यात होतं, साहेब. माणूस मरेल असं नव्हतं वाटलं." मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याला हे आत्ताच कळत होते.

पुढाऱ्याने पहाटे म्हाताऱ्याला वळणावरून परतताना पाहिले होते, पण कशासाठी आला होता ते अपघातानंतरच त्याच्या ध्यानात आले. ठाण्यात परतल्यावर तो माझ्यावर चिडला. "त्या पोराला उचलून संडासला नेणारं दुसरं कोण हाय? मी आत गेलो तर माझी माणसं हायत घरात. तुमचं काय बिघडलं असतं?"

मी त्याला सोडले आणि म्हाताऱ्याला अटक केली. कायद्याने दुसरा मार्ग नव्हता. पुढारी सुटला तेव्हा संप मोडला होता. मॅनेजर म्हणाला त्यापेक्षा एक दिवस जास्त लागला, इतकेच. उरलेल्या सगळ्यांच्या आयड्या एकाच दुपारी बंद झाल्या. आम्ही दोषारोपपत्र पाठवले. जामीन झाला, पण म्हाताऱ्याला जामीनदार मिळाला नाही. मुलाला कोणी नातेवाईक घेऊन गेले. खटला उभा राहण्याआधीच म्हातारा तुरुंगात आजारी पडून वारला.

मेलेल्या मजुराच्या बायकोचा पुरवणी जबाब मी स्वतः घेतला होता. खरा आरोपी सापडला म्हणून सांगितले, तर तिने विचारले, "तो माणूस वाईट हाय का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

"आन् कंपनीवाला?"

मी म्हणालो, त्याच्यावर कोणताच गुन्हा होत नाही.

ती म्हणाली, "मग मी शिव्या कोनाला देऊ? कोन तरी पाहिजे ना."

जबाबात हे लिहायला जागा नव्हती. मी अंगठा घेतला आणि कागद फाइलला लावला. बत्तीस वर्षे मी असे मानत आलो, की खरा माणूस शोधला की पोलिसाचे काम संपते. त्या तपासात एकही चूक नव्हती, वरून शाबासकीही मिळाली. लाइनीत चला, अंतर सोडू नका, असे मी सांगितले होते, ही गोष्ट मात्र कोणत्याही कागदावर आली नाही. मला ती कोणी विचारलीही नाही.