दहा होऊ द्या

"किती झाले, गुरुजी?"

दर दहा मिनिटांनी ती हे विचारायची. विचारताना माझ्याकडे बघायची नाही. मांडीवरच्या निळ्या डब्याच्या कडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत असायची. मी आकडा सांगायचो आणि तिचं ठरलेलं उत्तर यायचं, "दहा होऊ द्या. मंग फोडतो."

फोडायची ती त्या डब्यातली लशीची बाटली. तुम्ही शहरात रांगेत उभं राहून लस घेतली असेल, तर ही भानगड तुमच्या कानावर आली नसेल. एका बाटलीत दहा जणांची लस असायची. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. त्या दिवसांत लस यायची तीही तुटपुंजी, आणि तालुक्याहून रोज सकाळी एकच बजावणी, की एक थेंब वाया गेला तर जाब द्यावा लागेल. म्हणून दहा माणसं जमेपर्यंत आम्ही बसून राहायचो.

ती आमच्या भागातली नर्सबाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. शाळा बंद होत्या, तेव्हा मला तिच्या पथकात नावं लिहायला धाडलं. चिचगडच्या पलीकडची जंगलातली गावं आमच्या वाट्याला आली होती. नेटवर्कचा पत्ता नाही. दिवसभर वहीत नावं लिहायची आणि परतताना पाण्याच्या टाकीवर चढून ती मोबाईलमध्ये भरायची. त्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्यांनी शासनाची जेवढी सेवा केली, तेवढी मी वीस वर्षांत केली नसेल.

तिची निवृत्ती जवळ आली होती. पाय सुजलेले असायचे. जीप थांबली की "थकलो बाप्पा" म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी तीच खाली उतरायची.

सत्र सकाळी नऊला सुरू करा, असा आदेश होता. मोहाची फुलं वेचायचे दिवस. पहाटेपासून अख्खं गाव झाडाखाली. दुसऱ्या दिवशी तिने तालुक्याच्या साहेबांना फोनवर सांगून टाकलं, "साहेब, नऊ वाजता मोहफूल झाडाखाली असते, तं मानूस बी तिथंच असते. सरकारले बारा वाजता या म्हना." साहेबांनी फोन ठेवला. आम्ही बारा वाजता जायला लागलो.

लोक घाबरत होते. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, असं कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलं होतं आणि तेवढ्यापुरतं नेटवर्क मात्र सगळ्यांना मिळालं होतं. एका गावात एक धट्टाकट्टा गडी आम्हाला बघून झाडावरच चढून बसला. ही खाली दगडावर बसली.

"उतर गा, नाईतर मीच चढतो."

"तुमी नाई चढू शकत, बाई."

"मंग मी पडलो तं माहे हाडं तूच गोळा करशील."

अर्ध्या तासाने तो उतरला. तो त्या दिवसाचा दहावा होता. तिने बाटली उघडली आणि पहिली सुई त्यालाच दिली, परत चढायला नको म्हणून.

दुसऱ्या एका गावाजवळ, नाल्यापलीकडे एक टोला होता. दहा-बारा घरांची वस्ती. तिथलं कुणी यायचं नाही, एक म्हातारी सोडून. त्या गावात आम्ही दर मंगळवारी जायचो. पहिल्या मंगळवारी ती काठी टेकत आली, पदराच्या गाठीतून प्लास्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि शाळेच्या व्हरांड्यात बसली. त्या दिवशी चारच जण जमले. बाटली उघडली नाही. म्हातारी परत गेली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. बाईसाठी पानाच्या द्रोणात चारं, म्हणजे चारोळीची फळं, घेऊन आली. दुपारी तीन वाजले.

"किती झाले, गुरुजी?"

"सात."

"आज तरी फोडतेस का, बाई?" म्हातारीने विचारलं.

"दहा होऊ दे, माय. पुढच्या मंगळवारी ये. पहिली तुलेच देतो."

"मी एकटी आलो तं मी मानूस नाई का?"

सगळे हसले. नर्सबाई हसली, मीही हसलो. म्हातारी हसली नाही. "दहाच लागते का?" तिने विचारलं. बाई "हाव" म्हणाली. म्हातारीने दोन्ही हात पुढे धरले, बोटं पसरली, थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि काठी उचलून निघाली.

तिसऱ्या मंगळवारी आम्ही जीपमधून डबा उतरवतो न उतरवतो, तोच नाल्याकडून माणसं येताना दिसली. एकामागे एक, पायवाटेने. टोल्यावरची माणसं. मला खरं वाटेना. मी वही उघडली आणि नावं लिहू लागलो. नऊ झाली.

"डोकरी कुठं हाय?" बाईने पुढच्या माणसाला विचारलं. तो म्हातारीचा पुतण्या होता.

"घरोघरी फिरली ते, बाई. दहा जन गेलो तरच शिशी फोडते म्हने. कोनाले शिव्या देल्ल्या, कोनाच्या पाया पडली. आमी बराबर दहा होतो." तो थांबला. "शनिवारी गेली. तीन दिवस ताप होता. दम लागे."

तपासणी कुणी केली नव्हती. कशाने गेली, आधी लस मिळाली असती तर वाचली असती का, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही.

त्या दिवशी "किती झाले" हे बाईने विचारलं नाही. डबा उघडला, बाटली काढली आणि म्हणाली, "फोडतो."

नऊ सुया झाल्या. बाटलीत एकाची लस उरली. मी आवरायला लागलो, तर म्हणाली, "राहू द्या. टाइम हाय अजून." चार तास ती त्या बाटलीसमोर बसून होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. गावातलं कुणी आलं नाही. शेवटी फॉर्मवर 'वाया गेलेले डोस' या रकान्यात मी एक लिहिला. तिने न बघता सही केली.

परतताना जीपमध्ये म्हणाली, "दोन मंगळवार ते माह्यासमोर बसली होती, गुरुजी."

"वरूनच तसं सांगितलं होतं, बाई."

"वरच्याले कुठं दिसत होती ते? मले दिसत होती."



त्यानंतर तिने दहाची वाट पाहिली नाही. तिघं आले तर तिघांसाठी, एक आला तर एकासाठी बाटली उघडायची. व्हायचं तेच झालं. कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर तिने मला लिहायला सांगितलं. मी नियम, परिस्थिती, अडचणी असं पानभर लिहिलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि स्वतः एक ओळ लिहिली, 'समोर माणूस होता म्हणून उघडली.'

काही महिन्यांनी लस मुबलक झाली आणि वरूनच पत्र आलं, एकासाठीही बाटली उघडा, घरोघरी जा. तिने ते दोनदा वाचलं. "मंग मले नोटीस कायले देल्ली होती?" एवढंच म्हणाली. आवाजात रागही नव्हता, नुसता थकवा होता.

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. आरोग्य केंद्रात छोटासा निरोप समारंभ होता. साहेबांचा पत्ता नव्हता, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या. कुणीतरी म्हणालं, "थोडं थांबू, लोक जमू द्या." ती उठून उभी राहिली. "जे आले त्याइले चहा द्या. वाट नोका पाहू कोनाची." शाल हातातच धरून तिने स्वतः कप वाटले. मग मुलगा मोटारसायकल घेऊन आला आणि ती त्याच्यामागे बसून कुडव्याला आपल्या घरी गेली.

आता नवीन सिस्टर आहेत. चांगल्या आहेत. पण मला "किती झाले, गुरुजी" असं विचारणारं कुणी उरलं नाही, आणि एका परीने ते बरंच आहे. कारण आकडा सांगणारा मी होतो. 'सात' म्हणताना मी त्या म्हातारीकडे मान वर करून बघितलंही नव्हतं. नर्सबाईने आपली चूक बोलून दाखवली आणि सुधारली, माझी कुणी विचारलीच नाही.

मोजायची सवय मात्र गेली नाही. ग्रामसभा असो, कुणाचं लग्न असो, माणसं जमू लागली की मी मनात मोजतो. नऊपर्यंत आलो की थांबतो, आणि नाल्याकडच्या वाटेकडे बघतो.