तोतारामनाना मरायला शिकतात

तोतारामनाना अडतीस वर्षं मरत होते. तमाशाच्या फडात वगातला राजा त्यांच्याकडे असे, आणि राजाला शेवटी मरावंच लागे. धुळे-जळगावातलं असं एकही जत्रेचं गाव नसेल जिथे नाना छातीला हात लावून तीन गिरक्या घेऊन पडले नाहीत. नशिराबादला तर एकदा लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना पुन्हा उठवलं आणि पुन्हा मरायला लावलं. फड मोडला, नाना अमळनेरजवळच्या आपल्या गावी घरी बसले, तरी पाहुणारावळा आला की म्हणत, "मरायला काय, आत्ता मरून दाखवतो." त्यांची बायको सुंदरबाई आतून ओरडे, "आधी दळण आणा, मंग मरा."

तर अशा या माणसाला सत्तरीत नोकरी लागली, आणि तीही मरायची.

त्याचं झालं असं. धुळ्यातल्या एका मेडिकल कॉलेजात तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेणारे चौदा डॉक्टर होते. त्यांना शिकवायला परदेशातून रबराचा एक माणूस आणलेला होता. गुलाबी कातडी, निळे डोळे, अंगावर चड्डीशिवाय काही नाही. पोटात सेल घातले आणि बटण दाबलं की तो इंग्रजीत किंचाळे. एक दिवस वरून कागद आला, की शिक्षणात सगळ्या थरांतले, सगळ्या भाषांचे, सगळ्या जातिधर्मांचे रुग्ण आले पाहिजेत, कुणावर अन्याय होता कामा नये. लगेच समिती बसली. समितीने दोन बैठका घेतल्या आणि रबरी माणसाला सोमवारी गांधी टोपी, मंगळवारी नऊवारी, बुधवारी बुरखा आणि गुरुवारी पावरा आदिवासी बांधवांसारखं मुंडासं घालायचं ठरवलं. नोंदवहीत 'समावेशन झाले काय?' असा रकाना पाडला आणि त्यात रोज 'होय' लिहू लागले. रबरी माणूस मुंडासं घालूनही इंग्रजीतच किंचाळत राहिला.

विभागाच्या मुख्य डॉक्टर सुलक्षणा मॅडम. त्यांनी आठवडाभर हे पाहिलं आणि म्हणाल्या, "याला पैठणी नेसवली तरी हा परदेशीच मरणार. मला इथली माणसं आणा."

म्हणून नाना आले. काम सोपं होतं. हृदयविकाराचा झटका आलेल्या शेतकऱ्याचं सोंग घ्यायचं, आणि डॉक्टर किती वेळात ओळखतो ते मॅडम घड्याळ लावून बघणार.

पहिल्या दिवशी नाना दारातून आले तेच डोलत. डावा हात लोंबता, उजवा छातीवर. "आई गं, काळजात कट्यार घुसली! हे धरणीमाते, दुभंग!" म्हणाले, तीन गिरक्या घेतल्या, आणि वाटेतलं सलाइनचं स्टँड कवेत घेऊन पडले. चौदाच्या चौदा डॉक्टरांनी नऊ सेकंदांत झटका ओळखला. एका वॉर्डबॉयने तर डोळे पुसले. समिती खूश, नाना खूश. टाळ्या पडत होत्या आणि नाना जमिनीवरूनच मान लववत होते.

दाराशी सुंदरबाई डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही मरी राह्यनात का नाची राह्यनात?"



"आसं कोण मरस?" ती मॅडमकडे वळली. "बाई, मना भाऊ चिंधाले झटका उना व्हता. तो भिंतले टेकीसन बठना व्हता. इचारं तं म्हने, बरं शे."

नानांची मान जी खाली गेली ती वर येईना. कारण चिंधाभाऊंचं नाव त्यांच्यापुढे तीन वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चिंधाभाऊंना सकाळपासून कसंतरी होत होतं. कपाशी वेचायला गेले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. नाना सासुरवाडीला गेलेले होते. म्हणाले, "चला भाऊ, दवाखान्यात दाखवू." आणि जावई असूनही मोठ्या मनाने चिंधाभाऊंच्या चपला आणायला स्वतः वळले. चपलेत विंचू होता. काळा, गरीब विंचू; पण नानांच्या बोटाला डसला, आणि नानांनी अडतीस वर्षांची कमाई एका आरोळीत लावली.

मग एकाच पिकअपमध्ये दोघे दवाखान्यात गेले. तातडीच्या खोलीत नाना असे गर्जत शिरले की दोन डॉक्टर आणि तीन नर्सा धावून आल्या. पलंग नानांना, इंजेक्शन नानांना, सलाइन नानांना. चिंधाभाऊ भिंतीशी खाली बसले, मांडीवर नानांची पिशवी, हातात नानांच्या चपला. एका डॉक्टराने जाता जाता विचारलं, "बाबा, तुम्हाला काही होतंय का?"

चिंधाभाऊ म्हणाले, "मले काय व्हयनं? बरं शे. पहिले पाव्हणाले देखा."

आता बहिणीचा नवरा म्हणजे पाव्हणा. त्याला आधी वाढायचं, आधी बसवायचं, आधी आंघोळीला पाणी द्यायचं. मग दवाखान्यातच कसं मागे ठेवणार? आणि शिकलेल्या माणसाने विचारलं तर 'बरं शे' म्हणावं, ही तर बोलायची रीत. डॉक्टर पुढे गेला. चार तासांनी चिंधाभाऊ बसल्या जागी कलंडले, आणि त्याच क्षणी पलंगावरून नाना ओरडले, "अरे भो, मन्या चपला संभाळ!"

चिंधाभाऊ वाचले. हृदय अर्धं गेलं, असं डॉक्टर म्हणाले. अर्ध्या हृदयाचं त्यांना फारसं वाटलं नाही, चपलांचं वाटलं. त्या दिवसापासून नानांशी अबोला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला न्यायला येत, पण नानांकडे बघत ते भिंतीकडे बघावं तसे. निरोप द्यायचाच झाला तर दारातल्या शेळीला देत. "हे शेळी, सांग तुना मालकले, सुंदरले आठ दिवस ठेवसू." नानाही शेळीलाच उत्तर देत. शेळी बिचारी इकडून तिकडे बघून दमून जाई. आणि नाना त्यांच्यासाठी दर वेळी चहा ठेवत. तो निवून जाई.

हे सगळं सुंदरबाईने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मॅडमनी डबा बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "नाना, उद्या हा माणूस करा."

नाना रात्रभर म्हणत राहिले, की त्यात करायचं काय आहे? नुसतं बसायचं? ना गिरकी, ना आरोळी? फडात असला पार्ट झाडूवाल्यालाही देत नसत.

दुसऱ्या दिवशी मांडणी अशी होती. पलंगावर रबरी माणूस, बोटाला लाल रंग, विंचू चावला म्हणून बटण दाबून किंचाळणार. भिंतीशी नाना, मांडीवर पिशवी. एकेक डॉक्टर आत येणार. नानांनी आपल्या परीने काटकसर केली. गिरकी नाही घेतली, पण बसल्या बसल्या डोळे फिरवले, ओठ थरथरवले आणि दर मिनिटाला एक उसासा टाकला. तरीही सहा डॉक्टर आले आणि सहाच्या सहा रबरी माणसाकडे धावले. तो किंचाळत होता ना! एकाने तर नानांना म्हटलं, "आजोबा, जरा सरकता का, ट्रॉली जाऊ द्या."

पडद्यामागे सुंदरबाई बसली होती, आणि तिच्या शेजारी चिंधाभाऊ. महिन्याच्या गोळ्या न्यायला धुळ्याला आले होते. बहिणीने हाताला धरून इकडे आणलं, कशाला ते सांगितलं नाही. त्यांनी पहिला डॉक्टर पाहिला, दुसरा पाहिला. तिसरा आला तेव्हा काय चाललंय ते त्यांना कळलं. सहावा गेला तेव्हा पडदा बाजूला सारून ते उभे राहिले.

"आसा नही बठेल व्हतू मी!"

नाना दचकले. तीन वर्षांत शेळीशिवाय बोललेलं हे पहिलं वाक्य.

"डोया काय फिरावस? मी डोया फिरायेल व्हतू का? टोपी गुडघावर व्हती मनी. आन ती पिशवी आशी नही धरेल. उठ!"

"चिंधाभाऊ..." नाना म्हणाले.

"उठ म्हंतस ना."

नाना उठले. चिंधाभाऊंनी टोपी काढली, उजव्या गुडघ्यावर ठेवली, पाठ भिंतीला लावली, आणि बसले. झालं. काहीच केलं नाही त्यांनी. पण मॅडमच्या हातातलं घड्याळ थांबलं, इतका तो माणूस नाहीसा झाला. भिंतीला रंग दिलेला असतो तसा तो भिंतीवर होता.

आणि त्याच वेळी रबरी माणसाचे सेल संपले. बटण दाबलं तर पोटातून नुसतं घुर्र झालं. बाहेर सातवा डॉक्टर येऊन थांबलेला. मॅडमनी नानांकडे बघितलं. नानांनी पलंगाकडे बघितलं. दुसरं कोण करणार होतं ते काम? त्यांनी गुलाबी माणसाला पलंगाच्या कडेला सरकवलं, त्याच्या शेजारी आडवे झाले, बोट वर धरलं, आणि तीन वर्षांपूर्वीची आरोळी जशीच्या तशी ठोकली.

सातवी होती शाझिया. नशिराबादच्या अय्युब गवंड्याची मुलगी. ती आत आली, नानांच्या आरोळीपाशी थांबली, बोट पाहिलं, नाडी पाहिली, म्हणाली, "चाचा, एवढं ओरडताय म्हणजे श्वास उत्तम चाललाय. आलेच." आणि वळली. भिंतीशी गेली. खुर्ची नाही घेतली. फरशीवर उकिडवी बसली.

"आबा, तुम्हाला काय होतंय?"

"बरं शे. पाव्हणाले देखा."

"पाव्हण्यांना बघते. तुम्हाला चहा सांगू?"

"नको."

शाझियाचे डोळे बारीक झाले. तिचा बाप पंचवीस फुटांवरच्या परांचीवरून पडला होता तेव्हाही घरी येऊन 'ठीक हूँ' म्हणाला होता. आईने ओळखलं ते त्याने चहाचा कप परत केला त्यावरून.

"सकाळपासून घेतला एखादा?"

चिंधाभाऊ तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी हे कुणी विचारलं नव्हतं.

"नही," ते म्हणाले. आणि मग, त्या दिवसाचं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते म्हणाले, "काल्दिनपासून नही."

"स्ट्रेचर!" शाझिया अशी ओरडली की नानांनाही हेवा वाटला. दोन जण धावत आले, चिंधाभाऊंना उचललं, छातीला वायरी लावल्या, कार्डिओग्रामची पट्टी सुरू केली. पट्टीवर अर्ध्या हृदयाची जुनी खूण आली, आणि तिथे खरी धांदल उडाली. ज्यांना सोंग आहे हे ठाऊक होतं तेही विसरले. चिंधाभाऊ स्ट्रेचरवरून ओरडत होते, "अरे मी खरंज बरा शे! गोळ्या लेवाले येल शे!" आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या 'बरं शे'वर कुणीही विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मॅडम हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही कुणीतरी नाडी दाखवायला लावली.

या गोंधळात नाना पलंगावरून उतरले. आता त्यांच्याकडे बोलायला वाक्य नव्हतं, कुणी लिहूनच दिलं नव्हतं. भिंतीशी चिंधाभाऊंच्या चपला पडलेल्या होत्या. नाना वाकले. एक चप्पल उचलली, उलटी करून फरशीवर आपटली. दुसरी उचलली, तीही आपटली. आत काही नाही याची बोटाने नव्हे, काडीने खात्री केली. मग दोन्ही छातीशी धरून स्ट्रेचरच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले.

चिंधाभाऊंनी मान उचलून पाहिलं. वायरींतून, नर्सांतून, डॉक्टरांतून वाट काढत नजर चपलांवर आली. ती तिथून हलेना. नानांना वाटलं, आता कुठून तरी शेळी आणावी लागणार.

"पाव्हणा," चिंधाभाऊ म्हणाले, "झटकेल शे ना नीट?"

"दोनदा," नाना म्हणाले.

पुढे समितीच्या नोंदवहीत 'समावेशन झाले काय?' हा रकाना खोडला गेला आणि तिथे 'चहा नाकारला काय?' असा आला. चिंधाभाऊ आता महिन्यातून दोनदा धुळ्याला येऊन भिंतीशी बसतात, आणि सगळे म्हणतात, असा कलावंत खान्देशात नाही. नाना पलंगावर असतात, रबरी माणसाच्या जागी. मरायचं काम त्यांच्याकडून गेलं ते गेलंच.

पण त्या दिवशी, वायरी काढून झाल्यावर, चिंधाभाऊ उठून बसले, टोपी घातली, आणि नानांकडे न बघता म्हणाले, "पाव्हणा, च्या सांग. दोन."