आत्याची झोपाळू डिस्क

माझी आत्या ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सिनेमाच्या तळाला ओळी लिहिते. नुसते संवाद नाहीत. दार करकरलं, बाहेर कोणी खोकलं, हेही शब्दांत. सिनेमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर येतो, कारण तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मुंगी शिरायलासुद्धा जागा नाही. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स मीच घालून दिलंय. त्यामुळे काहीही बिघडलं की फोन मलाच.

त्या आठवड्यात रोज फोन येत होता.

"तुझी डिस्क परत झोपली."

"माझी कुठून? तुझीच आहे ती."

"झोपली की तुझी. चालते तेव्हा माझी."

घोळ असा होता. आत्या एखाद्या आवाजाला शब्द शोधत बसली की बसलीच. तेवढ्यात डिस्कला वाटायचं, इथे आपलं काम नाही, आणि ती फिरायची थांबायची. आत्याने शब्द सापडल्यावर बटण दाबलं की प्रोग्राम गोठायचा. आत्या चिडून तो बंद करायची आणि लिहिलेलं सगळं पाण्यात. कारण सीन पुरा झाल्याशिवाय ती सेव्ह करत नाही. "अर्धवट सेव्ह केलं की मन म्हणतं झालं, आणि ते तसंच राहतं," हा तिचा कायदा. त्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

आता सिनेमाचा खास खेळ उद्यावर आला होता. शेवटचा सीन तेवढा राहिला होता, आणि तोच दोनदा उडाला होता. सिनेमावाल्याने सांगून टाकलं, "ताई, संध्याकाळपर्यंत नाही आलं तर तेवढा तुकडा मशीनकडून करून घेतो."

"मशीन लिहील 'आवाज'," आत्या मला म्हणाली. "कसला आवाज, ते कोण सांगणार? त्याचा मामा?"

आठवड्याच्या सुरुवातीला मला यूएसबीचाच संशय होता. वीज वाचवायला लिनक्स यूएसबीला डुलकी घ्यायला लावतं, ते मी बंद केलं. फरक शून्य. मग कळलं, झोपेची सवय डिस्कच्या स्वतःच्याच अंगात आहे. एचडीपार्म नावाच्या आज्ञेने तिला बजावलं, की झोपायचं नाही. माझ्यासमोर डिस्क टक्क जागी राहिली. मी ऐटीत घरी गेले, चपला काढतेय तोच फोन. हे असं पुन्हा पुन्हा. आज्ञा बरोबर, डिस्क धडधाकट, आणि तरी मी गेले की ये रे माझ्या मागल्या.

"तू काही केलंस का?"

"मी हातसुद्धा लावला नाही!"

शेवटी मुदतीच्या दिवशी सुट्टी टाकून तिच्या शेजारी ठाण मांडलं. दुपारी ती चहा टाकायला उठली. उठण्याआधी पडद्यावर रीतसर डिस्क मोकळी केली, वायर उपसली, डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि खणात ठेवली.

"आत्या! हे काय?"

"काय? उठताना काढते. मागची डिस्क वायरीत पाय अडकून पडली होती ना."

"प्रत्येक वेळी काढतेस?"

"मग काय, जमिनीवर आपटू?"

मी कपाळावर हात मारला. वीज तुटली की डिस्क माझी आज्ञा विसरणार, पाटी कोरी.

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस काही केलं का. डिस्क उचलून ठेवणं म्हणजे काही करणं असतं का, इंजिनिअरीणबाई?"

भांडायला वेळ नव्हता. डिस्क जोडल्याबरोबर तीच आज्ञा आपोआप सुटेल असा नियम, लिनक्स ज्याला युडेव्हचा नियम म्हणतं तो, लिहिला. पहिल्यांदा एक अक्षर चुकलं आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग जमलं. वायर काढून, लावून, वाट बघून खात्री केली. डिस्क फिरतच राहिली.

आत्या तिसऱ्यांदा शेवटच्या सीनला बसली. एक म्हातारा एकटाच ओट्यापाशी उभा राहून कप विसळतो, एवढंच आहे त्यात. काल तिला या आवाजासाठी ओळ सापडली होती. ती डिस्कच्या झोपेबरोबर गेली होती, आणि आज आठवत नव्हती.

"'पाणी ठिबकतं' लिही," मी सुचवलं.

"ते दिसतंय की त्यांना. मग मी कशाला हवी?"

ती लिहायची, खोडायची. डोळे मिटून पुन्हा ऐकायची. डिस्क एकदाही अडली नाही, आणि तरी ओळ येत नव्हती. बाहेर दिवे लागले. सिनेमावाल्याचा फोन वाजायला लागला, तशी तिने 'कप विसळल्याचा आवाज' असं टाइप केलं, सेव्ह केलं आणि फाईल पाठवून दिली.

"चांगलंय की," मी म्हणाले. "कालची ओळ कशी होती, ते बघणाऱ्यांना थोडंच कळणार आहे?"

आत्याने लॅपटॉप धाडकन मिटला.

"त्यांना कसं कळणार? म्हणून तर डोकं फिरलंय माझं."