केर न काढलेले सव्वीस तास

माणूस घरून निघालं की ते मुक्कामी पोचल्याची खबर येईपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत आणि डोक्यावरून न्हातही नाहीत. बहीण बन्नूरला परतायची तेव्हा हा प्रश्न तासाभराचा असे. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीला गेला आणि आमच्या अग्रहारातल्या घराची पंचाईत झाली.

बेंगळूरहून ते गाव चौदा हजार किलोमीटर, थेट विमानाने सतरा तास. त्यात इथून विमानतळापर्यंतची टॅक्सी, तिथलं ताटकळणं आणि उतरल्यावरची रांग धरली की सव्वीस. हे गणित माझं. जन्मभर भूगोल शिकवलाय, एवढं तर यायलाच हवं.

त्या वर्षी सुनेला रजा नव्हती, तो एकटाच आला आणि एका गुरुवारी सकाळी सातला परत निघाला. दिवसभर बायको विचारत होती, "आता कुठे असेल हो?" मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगायचो. संध्याकाळी ब्रह्मदेश दाखवला, जेवताना चीन. सांडलेले चुरमुरे तिने हाताने वेचले, पण झाडूला हात लावला नाही. शुक्रवारी नऊला व्हॉट्सॲपवर फोन आला, "पोचलो बाबा. इथे फार थंडी आहे." गणित बरोबर आलं म्हणून मी शेजारी जाऊन मिरवूनही आलो.

पंधरा दिवसांनी बेंगळूरचा भाचा आला. त्याने स्टीलचा एक डबा पुढ्यात ठेवला. झाकणावर माझ्या मुलाचं नाव, खाली 'गृहप्रवेश' आणि तारीख. त्या गुरुवारनंतरच्या रविवारची.

"मामा, तुम्हाला ताप होता म्हणे, म्हणून पूजेला आला नाहीत. आता बरं आहे की?"

मला ताप आलाच नव्हता. मुलाने बेंगळूरला फ्लॅट घेतला होता आणि सासऱ्यांना शेजारी बसवून पूजाही केली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भाचा गेल्यावर मी डबा स्वयंपाकघरात नेऊन आपटला. "बघ तुझ्या लेकाचे प्रताप."

तिने डब्याकडे पाहिलं. हे काय, असं मात्र विचारलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"सुम्ने, गप्प बसा थोडं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर लग्नात भांडलात तसं तिथेही व्याह्यांशी भांडला असता. तो घाबरला होता. मीच म्हटलं, बाबांना नको सांगू."

भांडलोच असतो, हे खरं. पण मुलाचं खोटं फोनवरचं होतं. हिने मला दिवसभर नकाशासमोर उभं केलं आणि दर वेळी मान डोलावली. चाळीस वर्षांच्या संसारात मी स्वतःच्या घरात इतका परका कधी झालो नव्हतो. हे मी तिला बोललो, चांगला आवाज चढवून.

तिने गॅस बंद केला.

"मी तरी कुठे गेले?" ती म्हणाली. "एकुलता एक मुलगा. त्याच्या नव्या घरात दूध उतू जाताना मलाही बघायचं होतं की."