आत्या बसून भांडत नाही

माझी आत्या अपिलं लढवणारी वकील. आवाज असा खणखणीत, की कोर्टात तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. मी तिची भाची आणि ज्युनिअर, म्हणजे दुप्पट बोलणी खाणारी. सुनावणी आता आपल्या ऑफिसातूनच, लॅपटॉपवर होणार म्हटल्यावर मला हायसं वाटलं. आत्याचं मात्र तोंड वाकडं. “न्यायाधीशांच्या डोळ्यांत न बघता अपील लढवायचं? कमाल आहे बाई!”

पहिलीच सुनावणी पाववाल्याची. शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली, म्हणून खालच्या कोर्टानं त्याची भट्टी बंद करायला लावली होती. त्यानं उंच धुराडं बांधलं, तरी कुलूप काही निघेना. कामगार दुसरीकडे जायच्या बेतात होते. आज स्थगिती मिळाली नाही तर धंदाच गुंडाळतो, असं तो रडकुंडीला येऊन म्हणाला होता. तोही दुकानातून मोबाइलवर हजर होता.

आमचा पुकारा झाला आणि आत्या सवयीनं ताडकन उभी राहिली.

“वकीलबाई,” न्यायाधीश म्हणाले, “आम्हाला फक्त कोटाची बटणं दिसताहेत.”

मी तिला ओढून खाली बसवलं. आणि काय सांगू, तोफ थंड! वाक्यं अर्धवट, मुद्दे गायब. माइक बंद करून ती पुटपुटली, “अगं, बसून गप्पा मारतात. भांडतात का कधी?”

माझं डोकंच फिरलं. “मग राहा उभी!” म्हणत मी माइक चालू केला, लॅपटॉप उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला. झालं, आत्या जी सुटली! धुराडं, तपासणीचा अहवाल, कामगारांची पोटं, काही म्हणून सोडलं नाही. इकडे माझे हात भरून आले आणि लॅपटॉप डुगडुगायला लागला.

“तुमच्याकडे भूकंप होतोय का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब, भाची आहे,” म्हणत आत्या पुढच्या मुद्द्यावर गेली.

समोरच्या वकिलांचंही ऐकून घेऊन न्यायाधीशांनी सांगितलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत खालच्या हुकमाला स्थगिती.

एरवी ही बातमी पाववाल्याला आम्ही संध्याकाळी फोनवर कळवली असती. आज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या मागे सगळे कामगार दाटीवाटीनं उभे होते. कोर्टात मध्येच बोलू नये, हे भान कुणाला!

“साहेब,” पाववाल्यानं विचारलं, “म्हणजे... पेटवू का भट्टी?”

आत्यानं कपाळावर हात मारला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “पेटवा,” ते म्हणाले.