फोटोतलं गोल भोक

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, असं आमचे गिरीशराव रोज ऐकवतात. ऐकवू देत. इथे अमेरिकेत, आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये, शेजारी कोण राहतं हे लोकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. मला शेजारच्या ग्रेसमावशींच्या फ्रीजमध्ये काय आहे तेसुद्धा ठाऊक असतं.

मावशी कोरियन, जन्म कॅलिफोर्नियाचा, वय पंच्याऐंशी. तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात भाताच्या शेतात मजुरी करायचे, आणि काम संपलं की बाकीच्या कोरियन मजुरांबरोबर लाकडी बंदुका घेऊन कवायत. जपानने देश गिळलेला, तो सोडवायची तयारी इथे, परक्यांच्या शेतात! पुढे ते लढायला मांचुरियाला गेले, ते गेलेच. मावशींनी त्यांना कधी पाहिलंच नाही.

आजोबांचं नाव कोरियाच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत लागावं, मरायच्या आधी एवढंच मावशींना हवं होतं. पुरावा काय, तर कवायतीचा एक फोटो. आणि त्यात आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं गोल भोक. जपानी हेरांनी ओळखू नये म्हणून आजीनेच चेहरा कापला होता. यादीवाल्यांनी कळवलं, जपान्यांनी पकडलेल्या लोकांचे फोटो आमच्याकडे आहेत, पण सगळ्यांची नावं खोटी. ताडून पाहायला चेहरा पाठवा.

कुठून पाठवणार? मावशी खचल्या. मला मात्र एकच किडा चावत होता: कापलेला तुकडा गेला कुठे? जाळला असेल, मावशी म्हणाल्या. मला काही पटेना. नवरा लढाईवर गेलाय आणि बाई त्याचा चेहरा चुलीत घालेल? छे.

आमच्या आईची जपून ठेवायची जागा म्हणजे देवाच्या तसबिरीची मागची बाजू. मावशींकडे देवाची तसबीर नव्हती, पण आजीचा नवरीच्या वेशातला एकटीचा फोटो होता, तिने प्रत्येक घरात सोबत नेलेला. मी तो उतरवला आणि लोणी लावायच्या सुरीने मागचा पुठ्ठा उचकटला.

रुपयाएवढा तुकडा निघाला. मावशींनीच तो कवायतीच्या फोटोतल्या भोकात ठेवला. नेमका बसला.

त्या फोटोवर वाकल्या. मग म्हणाल्या, "किती लहान आहे हा. माझ्या नातवाएवढा."

मी स्कॅन करायला फोन काढला, तर त्यांनी माझा हात धरला. यादीवाल्यांना उद्या पाठवू म्हणाल्या. त्या दिवशी तो फोटो त्यांनी आजीच्या फोटोशेजारी ठेवला.